मागची डावी सीट

१

आमच्या काचीगुड्यात रविवारी सकाळी लोक देवपूजा करतात, दोसे घालतात, आणि मी गाडी पुसतो. बाहेरून नाही. बाहेरून ती धूळ खात असली तरी माझं काही जात नाही. मी पुसतो ते आतलं गाणं. दाढीच्या मऊ ब्रशनं स्पीकरच्या जाळ्या झाडायच्या, पुढच्या काचेजवळच्या बारक्या स्पीकरवर नुसती फुंकर घालायची, ओलं फडकं कुठंच लावायचं नाही. डिकीत आवाज वाढवणारा अँप्लिफायर आहे, त्याच्या तारा चाचपून घ्यायच्या, कुठली सैल तर नाही ना. गाडी कडुनिंबाच्या सावलीतच लावायची, कारण आपलं हैदराबादचं ऊन स्पीकरच्या कडेचं रबर पापडासारखं कडक करून टाकतं. चालू करताना आधी इंजिन, मग गाणं. बंद करताना आधी गाणं, मग इंजिन. हे नियम घरात सगळ्यांना पाठ आहेत. पाळत कोणीच नाही, म्हणून मी गाडीला कुणाला हात लावू देत नाही.

मी एकनाथराव. बेगम बाजारात आमचं भांड्यांचं होलसेल दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. टिचकी मारली की हंडा कुठं पिचलाय ते मी डोळे मिटून सांगतो. तोच कान मी गाडीला लावला. प्रत्येक स्पीकरपासून माझ्या कानापर्यंत टेपनं मोजून घेतलं, जवळच्या स्पीकरला जरा थांबायला लावलं, लांबच्याला आधी सोडलं, म्हणजे सगळ्यांचा आवाज कानात एकदमच पोचतो. दारांच्या पत्र्यांना आतून जाड शीट चिकटवली. आता गाणं लावलं की गाणारा दारातून गात नाही, पुढे काचेखाली मांडी घालून बसतो. श्वास घेतलेला ऐकू येतो! लाखो रुपयांच्या गाड्यांवाले माझ्या या जुन्या गाडीत बसून गप्प झालेत. जानेवारीत नामपल्लीला नुमाइशचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा बाहेरच्या पार्किंगला मी चारी दारं उघडी टाकतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतो, "या, बसा, ऐका!" लोक बसतात. ऐकतात. आणि बसलेल्याला उठा म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

माझा एक खेळ तर अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मी पुढे डोळे मिटून बसतो, गाणं चालू असतं, मागे कुणीही चुपचाप येऊन बसावं. कोण कुठं बसलंय ते मी सांगतो. यात जादू काही नाही. रिकामा हंडा आवाज परत फेकतो, धान्यानं भरलेला गिळतो. सीटचंही तसंच आहे. माणूस बसला की तिथला आवाज गिळला जातो.

हा खेळ मी कधी हरलेलो नव्हतो.

२

या वर्षी आमची प्रणिता बाळंत झाली. लग्नानंतर किती वाट पाहिली पोरीनं, किती डॉक्टर केले, दोनदा आशा लागून गेली. शेवटी नात झाली, पण वेळेच्या फार आधी. मुठीएवढी पोट्टी. आबिड्सच्या पलीकडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. वजन वाढलं की घरी न्या म्हणाले. मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, नात घरी येणार ती माझ्या गाडीतून, आणि तिच्या कानावर पहिलं गाणं पडणार ते माझ्या स्पीकरचं. प्रणिता रडता रडता हसली. तिचं ते हसू मला पाहिजे होतं.

जावई आमचे पुण्याचे. अमेय. हायटेक सिटीत नोकरी, कानात सदानकदा इयरफोनची ती पांढरी बोंडं. माणूस चांगला आहे, पण गाणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. एका रविवारी दवाखान्यातून आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "बाबा, तो तुमचा खेळ दाखवा ना. मी आहे म्हणून काही सवलत नको."

"सवलत? जावईबापू, तुम्ही श्वास कुठल्या नाकपुडीनं घेता तेही सांगतो."

मी पुढे बसलो, डोळे मिटले. एक विलंबित ख्याल लावला. मागचं दार उघडलं, लागलं. मी ऐकलं. उजवीकडे, माझ्या पाठीमागे, आवाज गिळला जात होता. डावीकडेही.

"दोघं आहात. तुम्ही माझ्या मागे. डावीकडे कुणीतरी अंगानं भरलेलं आहे, आणि अगदी स्वस्थ बसलंय. तारामती, उगाच फसवू नकोस, मला कळलं!"

अमेय मोठ्यानं हसला. "बाबा, मी एकटाच आहे."

मी डोळे उघडले. तारामती, आमची बायको, समोरच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तीही हसत होती.

"वय झालं हो तुमच्या कानाचं," ती म्हणाली.

असा संताप आला म्हणून सांगू! दुपारी जेवण गेलं नाही.

३

कान चुकला असं मी कसं मानणार? आधी यंत्र तपासायचं. मागचा डावा स्पीकर काढून उजवीकडे बसवला, उजवा डावीकडे. दोष स्पीकरचा असेल तर तो स्पीकरबरोबर उजवीकडे जाईल, ही साधी गोष्ट आहे. गेला नाही. तारा बदलल्या. तरी नाही. सीटचं कव्हर काढून गच्चीवर वाळत घातलं, आतला फोम दाबून पाहिला, कुठं ओल तर नाही ना. कोरडा ठणठणीत.

मग मी उजव्या सीटवर धान्याची पोती रचून पाहिली. त्या बाजूचा आवाज आला भुस्सकन, मेल्यासारखा. पोत्याचा आवाज पोत्यासारखाच येतो. डावीकडून येत होता तो तसा नव्हता. तिथं आवाज खालून गिळला जात होता आणि वर, डोक्याच्या उंचीवर, जरासा परतत होता. मध्येच तो परतणारा आवाज किंचित हलायचा. आपण मान डोलावली की हलतो ना, तेवढाच.

मी गाणं बंद केलं. डावी सीट रिकामी. कव्हरला मधोमध थोडा खोलगट आकार, पण जुन्या सीटला तो असतोच. मी हातानं थोपटून तो सरळ केला आणि दुकानात गेलो. दिवसभर गिऱ्हाइकाला वाटेल ते भाव सांगत होतो.

४

शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तारामती बरोबर होती. अहो, माझ्याकडे दुसरं आहे काय? शिक्षण नाही, रूप नाही, हा कान आहे. तो गेला तर एकनाथरावाला कोण विचारतं?

बाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र लावलं, बारीक बारीक आवाज सोडले. मी प्रत्येकाला बटण दाबत गेलो. बाहेर आल्यावर त्या कागद बघतच राहिल्या.

"काका, विशीतल्या पोराचा असा कान नसतो. तुम्ही काय करता?"

"भांडी विकतो," मी म्हणालो, आणि छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं. परतताना मी जिलबी घेतली. गाडीत बसल्याबरोबर अमेयला फोन लावून ऐकवलं. तारामतीलाही सोडलं नाही. "काय म्हणत होतीस, वय झालं? हौ? आता बोल! मी दोघं म्हणालो होतो ना, तर दोघंच होते!"

ती हसत होती. "येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना या, बसा, ऐका म्हणत असता. बसून राहिला असेल एखादा."

आणि मग ती हसायची थांबली. जिलबीचा पुडा तिच्या मांडीवर होता, तो तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला. घर येईपर्यंत आम्ही दोघांपैकी कुणी मागे वळून पाहिलं नाही.

५

आता जे सांगतो त्यावर तुम्ही मला नावं ठेवाल. ठेवा. मला आधी भीती वाटली, हे खरं. रोज दुकानात रिक्षानं जायला लागलो. पण मग मन मानेना. माझी गाडी, माझं गाणं, आणि मी भिऊन रिक्षानं फिरू?

एका दुपारी मुद्दाम बसलो. गल्लीत मुलं खेळत होती, समोर धोब्याचं दुकान उघडं होतं, ऊन लखलखीत. मी आधी हल्लीचं एक ढँग ढँग गाणं लावलं. मागे डावीकडे आवाज मोकळा झाला. सीट रिकामी! मग विलंबित ख्याल लावला. हळूहळू, कुणी पदर सावरून बसावं तसा, तिथला आवाज भरत आला.

मी चकित झालो. काय सांगू, मला बरं वाटलं. तारामती माझ्या गाडीत बसली की झोपते. प्रणिता म्हणते, बाबा, आवाज कमी करा. अमेय फोनमध्ये डोकं घालतो. नुमाइशला येतात ते वाहवा करतात ती स्पीकरची, आणि पुढं पाणीपुरी खायला जातात. इतकी वर्षं मी हे सगळं केलं ते कुणासाठी? असं ऐकणारं कुणी मला मिळालंच नव्हतं. गाणारी समेवर आली की मागे सीटच्या कव्हरवर बोटांची हलकी थाप पडायची. बरोबर समेवर! कधी पुढे नाही, मागे नाही.

आणि गाणं? गाणं तर पूर्वी कधी नव्हतं इतकं सुरेख वाजायला लागलं. मागच्या काचेवरून एक बारीक कर्कशपणा परतायचा, तो मला कधी काढता आला नव्हता. आता तो गेला. गाडीला जणू तेवढंच माणूस कमी होतं. मी स्पीकरची मापं पुन्हा घेतली, आणि डाव्या सीटवर कुणी आहे असं धरूनच सगळं बसवलं. त्या दिवशी वाजलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. मी आरशात पाहून म्हणालो, "आवडलं ना?"

आरशात सीट दिसत होती. तिचं कव्हर खाली दबलेलं होतं.

६

"कोणाशी बोलत होता?" तारामती खिडकीशी उभी होती. केव्हा आली ते मला कळलं नाही. माझ्या कानाला कळलं नाही!

मी गाडीतून उतरलो. तिनं मागच्या सीटकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दवाखान्यातून फोन आला होता. उद्या सोडतायत पोरीला. अमेयच्या गाडीतून आणू या."

"का? मी शब्द दिलाय."

"तुम्हाला माहितीय, का ते."

"मला काही माहीत नाही. माझी गाडी दाखवायला नेतो तेव्हा लोक रांग लावतात, आणि माझीच नात दुसऱ्याच्या गाडीतून? गल्लीत काय तोंड दाखवू?"

"गल्लीचं पडलंय तुम्हाला!" तिचा आवाज चढला. ती कधी ओरडत नाही. "अहो, किती वर्षांनी मूल आलंय घरात. कसं जगलंय ते पाहिलंय ना? त्या सीटवर ठेवायचं तिला?"

सीटचं नाव आमच्यात पहिल्यांदाच निघालं. त्याच क्षणी मी हो म्हणायला पाहिजे होतं. पण मी प्रणिताला फोन लावला, ती म्हणाली, "बाबा, तुमच्याच गाडीतून येणार, तुम्ही म्हणाला होतात ना," आणि मी तारामतीकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच जिंकलो होतो. तिनं दोन अटी घातल्या. डाव्या सीटवर कुणी बसायचं नाही, आणि गाणं बंद. गाणं बंद! मी मान्य केलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणिताला माझ्या मागे बसवलं, पोट्टी तिच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेली. डाव्या सीटवर तारामतीनं दवाखान्याच्या सामानाची मोठी बॅग स्वतः ठेवली, चांगली दाबून, आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसली. अमेय ओवाळायची तयारी करायला त्याच्या गाडीनं पुढे गेला.

आबिड्सपर्यंत सगळं ठीक होतं. मग हॉर्न सुरू झाले आणि पोट्टी रडायला लागली. साधं रडणं नव्हे. श्वास कोंडून कोंडून, आवाज चिरत जाईपर्यंत. प्रणितानं छातीशी घेतलं, उभं धरलं, थोपटलं. काही नाही.

"बाबा, हिचे ओठ बघा हो! निळे पडतायत!"

मी गाडी बाजूला घेतली. मागे बसवाल्यानं शिव्या घातल्या. तारामती मागे वळून "अगं, मान धर, मान धर," म्हणत होती. परत दवाखान्याकडे वळायला जागा नव्हती.

"बाबा, लावा ना काहीतरी," प्रणिता रडत म्हणाली. "तुम्ही लावणार होतात ना. हळू लावा."

तारामती म्हणाली, "नको."

पोट्टीचा आवाज मध्येच तुटला. नुसतं तोंड उघडं, आवाज नाही. मी बटण दाबलं.

पहिल्या सुराला ती श्वास घेऊन शांत झाली. अगदी शांत. प्रणितानं "बघा, बघा," म्हटलं. गाल लाल झाले होते पोरीचे. मी हळूच गाडी काढली. माझ्या गाण्यानं जे केलं ते दवाखान्याच्या सगळ्या यंत्रांना जमलं नसतं, असंच माझ्या मनात आलं. प्रणिता कितीतरी रात्री झोपली नव्हती. कोठीच्या चौकाआधीच तिचा श्वास लांब झालेला मी ऐकला.

आणि मग मी दुसरंही ऐकलं. डावीकडचा आवाज बॅगेसारखा येत नव्हता. तो भरत चालला होता. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. थोड्या वेळानं माझ्या पाठीमागून, प्रणिताच्या जागेवरून, काहीतरी कमी झालं. फार बारीक. मुठीएवढं. आणि तेवढंच डावीकडे वाढलं.

कोठीच्या सिग्नलला मी आरशात पाहिलं.

प्रणिता काचेला डोकं टेकून झोपली होती. तिचे दोन्ही हात तिच्याच मांडीवर उलटे पडले होते, रिकामे. बॅग खाली पायाशी होती. पोट्टी डाव्या सीटच्या बाजूला होती. सीटवर नव्हती. सीटच्या वीतभर वर आडवी होती, दुपटं खाली न लोंबता, डोकं जरा उंच, जसं ठेवायला पाहिजे तसं. डोळे उघडे. वर, कुणाच्या तरी चेहऱ्याच्या जागी, बघत होती. आणि तालावर झुलत होती.

खोटं कशाला सांगू? मला आधी भीती नाही वाटली. लय एका मात्रेनंही चुकत नव्हती, आणि माझ्या नातीला गाडीतली सगळ्यात चांगली जागा मिळाली होती. एक क्षणभर मला जे वाटलं त्याला अभिमानच म्हणतात. मग भीती वाटली. माझा हात गाणं बंद करायला गेला.

तारामतीनं माझं मनगट धरलं. तीही आरशात पाहत होती. "बंद करू नका," ती अगदी हळू म्हणाली. "मांडीवर आहे ती."

मी हात काढून घेतला. सिग्नल सुटला. मी गाडी इतकी जपून चालवली की सायकलवाले पुढे गेले. एक खड्डा चुकवला, मग दुसरा. प्रणिताला हाक मारायची माझी छाती होईना. ती दचकून ओरडली तर? मागे सीटच्या कव्हरवर थाप पडत नव्हती. हात गुंतलेले होते.

आमची गल्ली आली. ठुमरी संपत आली होती. माझी गाणी मी मैफलीसारखी लावून ठेवतो, आणि ठुमरीनंतर भैरवी येते. भैरवी झाली की कुणी बसत नाही. लोक उठतात, कपडे झटकतात, चपला शोधतात.

दारात अमेय उभा होता, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा, मागे शेजारच्या बायका ताट घेऊन. सगळे हसत हात हलवत होते. भैरवीचा तंबोरा सुरू झाला. डावीकडचा आवाज किंचित सैल झाला, आणि दुपटं जरा खाली आलं.

मी यादी पुन्हा पहिल्यापासून लावली. ख्याल सुरू झाला. दुपटं परत वर गेलं. थांबलो असतो तर दारं उघडली असती आणि मैफल मोडली असती. मी गाडी थांबवली नाही. अमेय "बाबा! अहो बाबा!" करत मागे धावला, बायकांचे हात हवेत राहिले, आणि आम्ही घरावरून पुढे गेलो.

तारामती आरशावरून नजर न काढता म्हणाली, "पेट्रोल आहे ना?"